बिजागरीकडची बोटं

आक्काच्या खोलीच्या दाराला कडी होती, पण ती लावलेली मी लग्नानंतर कधी पाहिली नव्हती. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. बोलताना मी तिला अहो-जाहो करते, लिहायला बसले की मात्र ती 'ती'च होते. नवऱ्याला एकदा तरी अरे-तुरे करून लिहावं असं फार वाटतं, पण हात 'ते' असंच लिहितो. सगळं लातूर त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. माझ्या माहेरी मुखेडला बायका नवऱ्याला 'अवं' अशी हाक मारतात. मी 'सर' अशी मारते, जशी काही त्यांच्या क्लासच्या रिपीटर बॅचला बसलेय.

आक्का झोपायची ती दार उघडं ठेवून. वाऱ्यानं मिटू नये म्हणून फटीत चप्पल अडकवलेली असायची. पाहुणे हसायचे, पुण्याचे जास्तच हसायचे. आमच्याकडच्या लोकांना हसू यायचं नाही, कारण अशी चप्पल, वीट नाहीतर तांब्या पुष्कळ घरांच्या दारात असायचा.

तिचं सासर औशाकडच्या एका खेड्यात. दगडमातीचं घर, वर हातभर जाडीचं मातीचं माळवद. त्या पहाटे जमीन हलली तेव्हा आक्का परसाकडं गेली होती. धावत परत आली तर घराच्या जागी ढीग होता. ढिगाच्या पुढच्या अंगानं नवऱ्याचा आवाज येत होता आणि मागच्या अंगानं धाकट्या भावाचा. भाऊ शाळेसाठी तिच्याकडं राहायला होता, लोखंडी पलंगाखाली अडकून पडला होता. तिनं नुसत्या हातांनी दगड उपसले आणि भावाला बाहेर ओढलं. पुढच्या अंगाला पोचली तोवर तिकडचा आवाज बंद झाला होता. नवरा नंतर सापडला तो दाराच्या आत. चौकट दबून दार गच्च बसलं होतं आणि त्याचा हात कडीवर होता.

तो धाकटा भाऊ म्हणजे सर.

भूकंपानंतर आमच्या भागात आधी पत्र्याचे शेड आले आणि काही वर्षांनी क्लासचे बोर्ड आले. सर शेडमध्ये अभ्यास करून मोठे झाले, हे खरं आहे. ते हुशार आहेत, हेही खरं आहे. मेडिकलच्या प्रवेशाचं फिजिक्स शिकवायला लागले आणि चाकूर, भोकर, देगलूर, कुठून कुठून पोरं यायला लागली. गल्ल्याच्या गल्ल्या हॉस्टेल आणि मेसनं भरल्या. आम्ही क्लासच्या आवारातच घर बांधलं. पुढं घर, मागं पोरांनी भरलेली इमारत आणि तिच्या तळमजल्यावर मोठा हॉल.

सरांचा टॉर्कचा तास प्रसिद्ध आहे. सगळ्यात कमी मार्कांच्या पोराला उठवायचं, वर्गाच्या दारापाशी न्यायचं आणि बिजागरीजवळ हात लावून दार ढकलायला सांगायचं. दार हलत नाही. पोरगं जोर लावतं, कानापर्यंत लाल होतं, वर्ग हसतो. मग सर कडीच्या बाजूला करंगळी टेकवतात आणि दार उघडतं. "जोर तुझ्या बापाकडं बी हाय," सर म्हणतात, "कुठं लावायचा ते इथं कळतंय." असं उठवलेलं भोकरचं एक पोरगं दुसऱ्या दिवसापासून आलंच नाही. सर म्हणाले, बरं झालं, गाळणी आपोआप लागली.

त्यांची दुसरी पद्धत भीती मोडायची. पेपरला घाबरणाऱ्या पोराला एकट्याला खोलीत बसवायचं, बाहेरून कडी. पेपर सुटला की कडी काढायची. पोरगं आत रडलं तरी कडी काढायची नाही. आईबापांना ही पद्धत फार आवडायची. आपल्यानं होत नाही ते सर करतात, असं ते हात जोडून म्हणायचे.

आणि दरवर्षी प्रवेशाच्या आधी हॉलमध्ये पालकांचा मेळावा. त्यात आक्काला स्टेजवर खुर्ची. सर माईक घेऊन भूकंप सांगायचे. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं थांबून पाणी प्यायचं, सगळं ठरलेलं. "एका बाजूला नवरा, एका बाजूला भाऊ," ते म्हणायचे. "ह्या माउलीनं नवऱ्याला सोडलं आणि मला उकरलं. का? तिला कळलं होतं, हे लेकरू उद्या हजारो डॉक्टर घडवणार." बायका पदरानं डोळे पुसायच्या. आक्का खुर्चीत मान खाली घालून बसायची. त्या दिवशी ती जेवत नसे. सर म्हणायचे, भरून येतं तिला.

मी एकदा विचारलं होतं, आक्का, खरंच ठरवून काढलं का हो तुम्ही? ती लसूण सोलत होती. म्हणाली, "ठरवून कोण काढतंय गं? जिथला दगड हलला तिथून उकरलं." मग बराच वेळ ती एकाच पाकळीची सालं काढत राहिली.

नांदेडच्या एका क्लासवाल्यानं पालकांना स्वित्झर्लंडचे फोटो दाखवले, तेव्हा सरांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी अंटार्क्टिका काढलं. आक्काला घेऊन जायचं, बर्फावर उभं करायचं, व्हिडिओ करायचा आणि मेळाव्यात मोठ्या पडद्यावर लावायचा. नावही तयार होतं, 'ढिगाऱ्यातून दक्षिण ध्रुवापर्यंत'. जहाज जातं तिथून ध्रुव कुठल्या कुठं राहतो, पण मेळाव्यात नकाशा घेऊन कोण बसतंय.

आक्कानं नाही म्हटलं नाही. भावाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "तिथं दार उघडं ठिवू देतेत का?"

"तिथं सगळं तुझ्या मनासारखं," सर म्हणाले.

अर्जेंटिनाच्या पार टोकाच्या बंदरातून आम्ही जहाजावर चढलो. मी आणि आक्का एका केबिनमध्ये, सर समोरच्या. केबिनचं दार बाहेरच्या बोळात उघडणारं, जड, आणि सोडलं की आपोआप मिटणारं. आक्कानं ते दोनदा उघडून पाहिलं, मग चप्पल काढून फटीत घातली आणि तेव्हा कुठं पलंगावर टेकली. पायात मोजे आणि एकच चप्पल, अशी ती जहाजभर हिंडली. सर पुढं चालायचे, जसं काही ही कुणाची कोण.

पहिल्या दिवशी जहाज दोन डोंगरांमधल्या शांत पाण्यातून चाललं होतं. संध्याकाळी सगळ्या प्रवाशांना सूचना ऐकायला बोलावलं. आक्काला इंग्रजी येत नाही, आणि मी उलटीची गोळी घेऊन आडवी झाले होते, म्हणून सर एकटेच गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलं?

"काय न्हाई. चालताना कठडा धरा म्हणतेत."

दुसऱ्या दिवशी ड्रेक पॅसेज लागला, अंटार्क्टिकाच्या वाटेवरचा खवळलेला समुद्र. ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू. आमच्या लातुरात पाणी रेल्वेनं आणायची पाळी आली होती, नळाला तोटी कशाला असते हे पोरं विसरली होती, आणि इथं खिडकीत एकदा नुसतं आभाळ यायचं आणि एकदा नुसतं पाणी. कपाटातले हँगर एकमेकांवर आपटत होते. पाण्याची बाटली जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळत होती आणि ती उचलायची ताकद माझ्यात नव्हती. माझ्या पोटात काही उरलं नव्हतं तरी पोट ऐकत नव्हतं. मी कागदी पिशवी तोंडाशी धरून पलंगाला चिकटून पडले होते.

आक्काला उलटी झाली नाही. ती खाली जमिनीवर, दारातच बसली होती, पाठीनं दार लोटून धरलेलं. जहाज त्या अंगाला कललं की चप्पल फटीत करकर वाजायची.

"हे थांबतंय का न्हाई गं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, दोन दिवस असंच असतं म्हणे.

"तवा तरी लगीच थांबलं व्हतं," ती म्हणाली.

दुपारी जेवणानंतर सर आले. जहाजानं दिलेलं नारिंगी जॅकेट घातलेलं, कानामागं मळमळीची पट्टी, हातात मोबाईल. जेवण चांगलं झालं होतं त्यांचं. आक्काला दारात बसलेली पाहून कपाळाला आठ्या पडल्या, कारण बोळातून जाणारे गोरे म्हातारे तिला ओलांडून जात होते आणि वाकून काहीतरी विचारत होते.

"आक्का, इज्जत काढायलीस. ऊठ."

"मी हितं बरी हाय."

सर तिच्याकडं पाहत राहिले, आणि मला कळलं की त्यांना काहीतरी सुचलंय. फळ्यासमोर अवघड गणिताची सोपी रीत सापडली की चेहरा असाच होतो. ते म्हणाले, "आज हिची भीतीच मोडू. बर्फावर उतरायच्या आधी मोडली पायजे. व्हिडिओत बी घेऊ."

मी पलंगावरून म्हटलं, सर, नको. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. त्यांनी आक्काला काखेत हात घालून उठवलं, आत ढकललं आणि चप्पल पायानं केबिनमध्ये उडवली. ती माझ्या पलंगाखाली गेली.

"नुसते शंभर मोज. शंभर झाले की उघडतो."

"लावू नको रे," आक्का म्हणाली. "तुझ्या पाया पडते."

मोठी बहीण धाकट्या भावाला पाया पडते म्हणाली. सरांना हसू आलं. "मोज," ते म्हणाले आणि दार लावलं. लावलं आणि बाहेरून मूठ धरून ठेवली.

आक्कानं मोजलं नाही. तिनं आधी मूठ फिरवली, मग तळहातांनी दार बडवलं, मग डोक्यानं. बाहेरून सरांचा आवाज येत होता, मेळाव्याचा आवाज, कमीजास्त होणारा. "मित्रांनो, ही माझी बहीण. भूकंपापासून हिनं कधी दार लावलं नाही." आक्का हाका मारायला लागली. सरांना नाही. "धनी," ती म्हणत होती, "कडी सोडा. कडीवरला हात काढा." मी उठले, जहाज कललं, मी घसरत पलंगाच्या कोपऱ्यावर आपटले आणि तिथंच राहिले. माझ्या तोंडातून आवाज निघत होता की नाही ते मला आज सांगता येणार नाही.

मग दार वीतभर उघडलं. सरांना तिचा चेहरा घ्यायचा होता. फटीत मोबाईल दिसला. त्या बाजूला मोबाईल आणि नारिंगी जॅकेट होतं, म्हणून आक्कानं हात दुसऱ्या बाजूला घातला, बिजागरीकडं. दार पुन्हा मिटू नये एवढंच तिला कळत होतं. चप्पल नव्हती, बोटं होती. जहाज उलट्या अंगाला पडलं. सरांनी तोल सावरायला मूठ सोडून कठडा धरला. एका हातानं. दुसऱ्या हातातला मोबाईल त्यांनी सोडला नाही. दार मिटलं.

कडीकडचा थोडासा जोर बिजागरीकडं किती पट होतो, हे त्या माणसानं आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलंय.

आक्का ओरडली नाही. दार आता आपोआप उघडझाप करत होतं आणि ती त्याच्याकडं बघत होती. "उघडं राह्यलं," ती मला म्हणाली. बोटांकडं तिनं नंतर पाहिलं.

जहाजावरच्या डॉक्टरनं दोन बोटांची पेरं काढून टाकली. शिवताना तो सरांना काहीतरी विचारत होता, आणि त्यात 'कॅरट' असा शब्द मला ऐकू आला. मी बाहेर आल्यावर विचारलं, गाजराचं काय म्हणत होता तो? ते म्हणाले, "सोड ना आता." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक गुजराती बाई भेटली, तिनं सांगितलं. त्या सूचनांच्या वेळी अधिकाऱ्यानं दाराच्या बिजागरीत एक गाजर धरलं होतं आणि दार मिटलं होतं. गाजराचे दोन तुकडे पडले. बोटांचं असं होतं, तो म्हणाला, आणि सगळे हसले. "आपके साहब तो सबसे आगे बैठे थे," बाई म्हणाली.

सरांना मी विचारलं की आक्काला का नाही सांगितलं. म्हणाले, "उगं भीती वाढली असती तिची."

त्या दुपारी डॉक्टरकडून आम्ही परत केबिनपाशी आलो तेव्हा खोल्या आवरणारा माणूस तिथं उभा होता. त्यानं आक्काच्या हाताच्या पट्टीकडं पाहिलं, दार पूर्ण मागं नेलं आणि बोळाच्या भिंतीतल्या हुकात अडकवलं. दार जागचं हललं नाही. जहाज वर गेलं, खाली आलं, दार तिथंच.

"हे आधीच व्हतं का?" आक्कानं विचारलं.

मी म्हटलं, हो.

तिनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

बर्फाचं मी काय लिहू. पांढरं होतं, सगळे आनंदानं वेडे झाले होते. आक्काला खाली उतरायला डॉक्टरनं मनाई केली. सर एकटे उतरले, गुडघ्यावर बसले, बर्फ मुठीत घेऊन काहीतरी बोलले आणि आवडलं नाही म्हणून पुन्हा बोलले. परत येताना तोच समुद्र तळ्यासारखा पडून होता. लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते की आपण किती नशीबवान.

लातूरला आल्यावर सरांचं तोंड काही दिवस उतरलेलं होतं. मला वाटलं, लागलं असेल मनाला. तसं नव्हतं. व्हिडिओ वाया गेला होता. मग एका सकाळी ते एकदम खुशीत चहाला आले. शेजारच्या खोलीत त्यांनी मेळाव्याची तयारी सुरू केली, मोठ्यानं, नेहमीसारखी. आक्का आणि मी स्वयंपाकघरात होतो. ती डाव्या हातानं पोळी लाटायला शिकत होती.

"ह्या हातानं," भिंतीपलीकडून आवाज आला. मग थांबले, पाणी प्यायले. "ह्या हातानं दगड उपसले. बघा हा हात."

आक्कानं लाटणं खाली ठेवलं. ती उठून त्यांच्या दारात गेली. ते दारही उघडंच होतं. म्हणाली, "बोटं भूकंपात न्हाई गेली."

"मी कुठं म्हणायलो गेली म्हणून?" सर म्हणाले. त्यांना खरंच राग आला नव्हता, समजावून सांगत होते. "मी नुसता तुझा हात वर करणार. लोकं समजायचं ते समजतेल. खोटं काय हाय त्यात?"

आक्का परत येऊन पोळपाटाशी बसली. पोळ्या झाल्या, जेवणं झाली.

मेळाव्याच्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. टमटम आणि जीप भरभरून गावोगावचे पालक आलेले. सर नवा कोट घालून आक्काला न्यायला तिच्या खोलीपाशी आले, मागं शिपाई हार घेऊन. आम्ही तिघं जिन्याखालच्या बोळात उभे होतो, तेव्हा तो आवाज आला. आधी लोखंड लोखंडावर घासलं, मग खट्ट झालं. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता, तरी लगेच ओळखला. फटीत चप्पल नव्हती.

"आक्का," सर म्हणाले. त्यांनी दार ढकललं. मग वाजवलं. "आक्का, लोकं बसलेत. तमाशा करू नको."

कडी निघाली नाही.

दुसऱ्याच्या दाराला बाहेरून कडी लावत आलेल्या माणसाला आतून लागलेल्या कडीचं काय करायचं ते सुचेना. त्यांनी एकदा मोबाईल काढला, परत खिशात ठेवला. मला म्हणाले, "तू तरी चल. स्टेजवर घरचं कोणीतरी दिसलं पायजे." मी म्हटलं, मी येत नाही. मी ते फार मोठ्यानं म्हटलं नाही, पण शिपायानं ऐकलं, आणि शिपायानं ऐकलं हेच त्यांना लागलं. ते पाठ फिरवून हॉलकडं निघून गेले. हार शिपायाच्या हातातच राहिला.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, आक्का, मीच आहे. ते गेले.

बराच वेळ गेला. कडी निघाली. आक्का घामानं चिंब झाली होती, पदर अंगाला चिकटला होता, दात वाजत होते. उन्हाळ्याचे दिवस, तरी दात वाजत होते. मला वाटलं, आता ती धावत बाहेर येईल, अंगणात जाऊन आभाळाखाली बसेल, जशी विजा चमकल्या की बसते. तिनं माझा दंड धरला, मला आत ओढलं आणि माझ्यामागं दार लावलं. कडी पुन्हा लावली. डाव्या हातानं नीट सरकेना, तर तुटक्या बोटांच्या हातानं लावली.

हॉलचे कर्णे आमच्या आवारातच आहेत, त्यामुळं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. सर म्हणाले, माझ्या बहिणीची तब्येत बरी नाही, पण तिचा हात मी तुम्हाला दाखवतो. पडद्यावर फोटो लावला असणार, कारण एकदम शांतता झाली आणि मग बायकांचं मुसमुसणं माईकमधूनसुद्धा आलं. "ह्या हातानं," सर म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी खोट्या गोष्टीला टाळ्या वाजवतंय असं त्या आवाजावरून अजिबात कळत नव्हतं. त्या वर्षी प्रवेश वेळेआधीच बंद करावे लागले.

आक्का दाराला टेकून उभी होती. मी म्हटलं, उघडू का थोडं? वारा येईल.

"नको," ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. माईक बंद होईपर्यंत तिनं कडीवरचा हात काढला नाही.